मेलेला माणूस कूस बदलत नाही

हा फॉरवर्ड तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. वर जोडलेले दोन हात, खाली तिरंगा आणि मधे मजकूर. ‘तरुण आहे रात्र अजुनी’ हे गाणं आपण सगळे प्रेमगीत म्हणून ऐकतो, पण त्यामागची खरी गोष्ट वाचली तर डोळ्यांत पाणी येईल, असं आधी सांगितलेलं असतं. मग ती गोष्ट. नुकतंच लग्न झालेला एक जवान, सीमेवरून आलेलं बोलावणं, काही दिवसांनी तिरंग्यात गुंडाळून घरी आलेला त्याचा देह. शेवटची रात्र त्याच्याजवळ एकटीनं बसायची परवानगी त्याची बायको मागते आणि त्या रात्री ती त्याच्याशी जे बोलते, तेच म्हणे सुरेश भटांनी लिहिलं. शेवटी सूचना : आता डोळे मिटून गाणं पुन्हा ऐका.

माझ्या फोनमध्ये या गोष्टीच्या तीन आवृत्त्या आहेत. लग्नाला किती दिवस झाले होते, कवी तिथे स्वतः हजर होता की त्याला कुणी सांगितलं, हे प्रत्येकीत वेगळं आहे. हे कोणी, कधी, कुठे सांगितलं याचा पत्ता तिघींतही नाही. तरी पहिल्यांदा आला तेव्हा मी तो वाचला, गाणं लावलं, माझ्या अंगावर काटा आला आणि दोन मिनिटांत मी तो पुढच्या चार ग्रुपवर ढकलला. त्यातला एक ग्रुप आमच्या घरचा होता. हा लेख म्हणजे त्या ढकलण्याची भरपाई आहे असं समजा.

घरच्या ग्रुपवर आमची आत्याही आहे. ती आहुप्यात राहते. आहुपे म्हणजे आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेचं टोक. मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वळत जाणारा रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे गाव. गावापुढे कडा आहे. कड्याखाली मुरबाडकडचं कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. भैरवनाथाची देवराई, भाताची खाचरं, हिरड्याचा हंगाम. ट्रेकिंग करणाऱ्यांनी या सगळ्याचे रील तुम्हाला दाखवले असतीलच. रीलमध्ये न दिसणारी गोष्ट ही की या भागातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला जात आले आहेत. आत्याच्या मालकांनी, म्हणजे आमच्या मामांनी, उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या बाजारात पोती उचलली. वर्षातून चार-पाच वेळा गावी यायचे. भातलावणी, गणपती, दिवाळी, जत्रा.

पहिल्या पगारातून त्यांनी आत्याला एक रेडिओ आणून दिला होता. त्या रेडिओवर तिनं हे गाणं ऐकलं आणि तिला ते इतकं आवडलं की चुलीपुढे बसून ती गुणगुणायची. एकदा सासूनं ऐकलं. शब्द नीट कळले नसतील, पण चाल आणि आवाज कळला. असली गाणी घरंदाज बाईनं म्हणायची नसतात, असं सांगून विषय संपला. आत्यानं म्हणणं बंद केलं. ऐकणं नाही.

गेल्या वर्षी घरात एक कार्यक्रम होता. जेवणं झाली, अंगणात स्पीकर लागला. माझ्या चुलतभावानं मोबाईल हातात घेऊन मी पाठवलेला तो फॉरवर्ड सगळ्यांना वाचून दाखवला आणि मग गाणं लावलं. अंगण गप्प. ज्या घरात हे गाणं चुलीपुढे चालत नव्हतं, त्याच घरात म्हाताऱ्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. एक काकू पदरानं डोळे पुसत होती. गाणं संपल्यावर आत्या मला म्हणाली, “काय रे, मढं कधी कूस बदलतं का?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“ती म्हणती ना, इतक्यातच त्या कुशीवर कसा वळलास म्हणून. मेलेलं माणूस वळतंय व्हय? मढं न्हाई ते. दमलेला माणूस हाय.”

बारा वर्षं शाळा, चार वर्षं इंजिनिअरिंग आणि सहा वर्षं हिंजवडीत लोकांचा कोड तपासण्यात घालवूनही मला पहिल्याच शेरातला हा पुरावा दिसला नव्हता.

तर आता हे प्रकरण नीट तपासू. एखाद्या गाण्यामागे खरं कोण आहे, याचा शोध घेण्यात वाईट काही नाही. जगभर लोक ते करतात. कार्ली सायमन या अमेरिकन गायिकेनं १९७२ साली एका आत्मप्रेमी पुरुषावर गाणं लिहिलं, ‘यू आर सो व्हेन’. तो कोण, यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षं पैजा लागल्या. २००३ मध्ये एका धर्मादाय लिलावात एका माणसानं ५०,००० डॉलर मोजून ते नाव फक्त स्वतःच्या कानात सांगून घेतलं. २०१५ मध्ये तिनं सांगितलं की दुसरं कडवं वॉरन बेटी या नटावर आहे. म्हणजे इतकी वर्षं थांबून लोकांच्या हाती पडलं एक कडवं. गाणं मात्र होतं तेवढंच राहिलं. नाव कळल्यामुळे ते कुणाला जास्त आवडू लागलं, असं काही दिसत नाही.

तिथे निदान कवयित्री जिवंत होती आणि हो-नाही म्हणू शकत होती. सुरेश भट (जन्म १९३२, अमरावती) २००३ मध्ये गेले. त्यामुळे आपल्याकडे साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे मजकूर. आशा भोसल्यांचा आवाज आणि हृदयनाथ मंगेशकरांची चाल हे त्यावरचं भाष्य. साक्ष आधी मजकुराची.

मजकूर असा आहे. ही गझल आहे. गझलेत प्रत्येक शेर दोन ओळींचा आणि आपल्यापुरता पूर्ण असतो. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळी आणि पुढच्या प्रत्येक शेराची दुसरी ओळ एकाच रदीफवर संपते. इथे रदीफ आहे ‘का रे’, म्हणजे प्रत्येक शेर प्रश्नावर संपतो. बोलणारी स्त्री आहे, ऐकणारा तिच्याजवळच झोपलेला आहे. ती म्हणते की रात्र अजून सरलेली नाही, तू इतक्यात झोपलास आणि पाठ फिरवलीस. पुढे आकाशातले दिवे, कोजागिरीचं चांदणं, पश्चिमेचा वारा, रातराणीचा वास, उसळणारी लाट आणि कोरडा किनारा अशा प्रतिमा येतात. प्रत्येक शेरात एका बाजूला जागी असलेली काहीतरी गोष्ट आहे, दुसऱ्या बाजूला तो. एवढंच. जवान, युद्ध, सीमा, बातमी, तिरंगा, गाव, आईवडील यांतलं काहीही नाही.

फॉरवर्डच्या बाजूनं काय आहे, तेही प्रामाणिकपणे मांडायला हवं. एक शब्द आहे, विझणे. ती स्वतः विझलेली नाही, तो विझला आहे. दुसरा शब्द मिटणे. तिसरा कोरडा. हे शब्द मरणाच्याही कामाचे आहेत, हे खरं. झोप आणि मरण यांची तुलना तर जगातल्या जवळपास प्रत्येक भाषेत आहे. शिवाय मयताशी थेट बोलणं आपल्याकडे नवीन नाही. आमच्याकडे कुणी गेलं की बायका त्याच्याशी ‘का रे’ करूनच बोलतात, रडता रडता. त्यामुळे रदीफ ऐकून कुणाला तसं वाटलं असेल, तर त्याचा कान चुकीचा म्हणता येणार नाही.

पण मी आत्याला हेही विचारलं. तिनं अशी रडणी खूप ऐकली आहेत आणि स्वतःही रडली आहे. ती म्हणाली की रडताना बाई असं बोलत नाही. रडताना ती पोरांची नावं घेते, आता त्यांनी कुणाकडं बघायचं ते विचारते, अर्धवट राहिलेल्या घराचं काढते, शेताचं काढते, म्हाताऱ्या आईचं काढते. चांदण्याचं काढत नाही. हे ऐकताना मला जाणवलं की समीक्षेच्या पुस्तकांत ज्याला साहित्यप्रकाराची जाण म्हणतात, ती हीच. विलापाची एक घडण असते आणि ती या गझलेत नाही. इथे आहे ती रुसव्याची घडण. रुसवा हा जिवंत माणसावरच धरला जातो, कारण तो मागे वळून बघेल अशी आशा असते. प्रत्येक शेर प्रश्नावर सोडलाय तो त्यासाठी.

आता माझ्या पेशाला शोभेल असा एक उद्योगही मी केला. कोजागिरीचा उल्लेख आहे ना? मग ती रात्र आश्विन पौर्णिमेची. भटांच्या उमेदीच्या काळातली युद्धं तीन. चीनचं युद्ध २० ऑक्टोबर १९६२ ला पेटलं, त्या वर्षीची कोजागिरी साधारण आठवडाभर आधी होऊन गेली होती. १९६५ चा युद्धविराम २३ सप्टेंबरला झाला, कोजागिरी त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी आली. १९७१ चं युद्ध ३ ते १६ डिसेंबर, कोजागिरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तारखा कुठेच जुळत नाहीत. हे पाहून मला क्षणभर फार आनंद झाला आणि मग लाज वाटली. कारण कवितेतली कोजागिरी ही कॅलेंडरमधली तारीख नसते. चांदणं सर्वांत भरात असतं आणि घरातली माणसं मुद्दाम जागी असतात, अशी रात्र हवी म्हणून ती आलेली आहे. को जागर्ति, कोण जागं आहे, हा त्या सणाचाच प्रश्न. अख्खं गाव जागं असताना नेमका हवा तो माणूस झोपलाय, ही त्या शेरातली गंमत आणि कळ दोन्ही. पंचांग काढून बसलो तर मीही फॉरवर्डवाल्यांचीच चूक करतो, कवितेला पोलीस पंचनाम्यासारखं वाचण्याची.

मात्र एक ऐतिहासिक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावात येते, गाव रस्त्यावर उतरतं, बंदुकांची सलामी होते, हे दृश्य आपल्याला इतकं परिचित आहे की ते कायमचंच असावं असं वाटतं. ते तसं नाही. १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांत पडलेल्या जवानांवर सर्वसाधारणपणे आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी तार यायची, मागाहून सामान यायचं. देह घरी पाठवण्याची पद्धत सर्रास झाली ती १९९९ च्या कारगिल युद्धापासून. आणि ते टीव्हीवर दिसलेलं आपलं पहिलं युद्ध असल्यामुळे ते दृश्य घराघरांत ठसलं. ‘तरुण आहे रात्र अजुनी’ त्याच्या कितीतरी आधीपासून रेडिओवर वाजत होतं. म्हणजे फॉरवर्डमधली ‘खरी घटना’ गाण्यापेक्षा वयानं लहान असलेल्या एका चित्रातून उचललेली आहे. कारगिलनंतरच्या डोळ्यांनी आपण कारगिलआधीचं गाणं पाहिलं आणि तिथे शवपेटी ठेवून दिली.

आमच्या कामात याला ओव्हरफिटिंग म्हणतात. थोड्याशा माहितीवर इतकं गुंतागुंतीचं मॉडेल बसवायचं की ते सगळं समजावून सांगतं असा भास होतो. त्याची एक सोपी चाचणी असते. जास्तीची गोष्ट काढून टाका आणि बघा, काही समजायचं राहून जातं का. या गझलेतून जवान काढून टाका. एकही शेर अडत नाही. उलट जवान घातला की पहिलाच शेर अडतो, कारण त्यात तो कूस बदलतो.

दुसरी चाचणी, कवीचं बाकीचं काम. ‘मालवून टाक दीप’ भटांचंच, लताबाईंनी गायलेलं. ‘मलमली तारुण्य माझे’ भटांचंच, ‘घरकुल’ चित्रपटातलं, आशाबाईंनी गायलेलं. दोन्हींत बोलणारी स्त्री आहे, रात्र आहे आणि तिची इच्छा ती स्वतःच्या तोंडानं सांगते आहे. त्यांच्या पलंगावर कुणी प्रेत शोधलेलं नाही. म्हणजे भट हा स्वर वारंवार वापरत होते. आणि त्यांना सार्वजनिक दुःखाविषयी बोलायचं असे तेव्हा ते आडून बोलत नसत. ‘उषःकाल होता होता’ हे ‘सिंहासन’ (१९७९) मधलं गाणं त्यांचंच, संगीत हृदयनाथांचंच, आवाज आशाबाईंचाच. तिथे राग कशाचा आहे हे शाळकरी मुलालाही कळतं. तीच तीन माणसं एका शहिदाचं गाणं करायला बसली असती, तर शहीद असा लपवून ठेवला असता का?

पुराव्याचं एवढं पुरे. मला जास्त सतावतो तो दुसरा प्रश्न. ही गोष्ट लोकांना हवी का असते?

आपल्याकडे असं वाचण्याची जुनी सवय आहे आणि ती फक्त व्हॉट्सॲपची नाही. भा. रा. तांबे यांची ‘नववधू प्रिया मी बावरते’ ही कविता शाळेत ज्यांना होती, त्यांना आठवत असेल. वर्गात सांगितलं जातं की नववधू म्हणजे जीव, सासर म्हणजे पलीकडचं जग आणि बावरणं म्हणजे मरणाचं भय. कवी बी यांच्या ‘चाफा बोलेना’चंही तेच. प्रेमकविता म्हणून सुरू करायची आणि आत्मा-परमात्म्यावर आणून सोडायची. ते अर्थ खोटे आहेत असं मी म्हणत नाही. तांब्यांच्या कवितेत तो पदर खरोखरच आहे आणि त्यामुळे कविता मोठी होते. पण तो अर्थ सांगताना शिक्षकांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसायची, ती मला अजून आठवते. आता मुलामुलींसमोर नववधूच्या अंगावरच्या शहाऱ्याबद्दल बोलावं लागणार नाही, याची ती सुटका होती.

उलटंही घडतं. ग्रेस यांची ‘ती गेली तेव्हा’ ही कविता ‘निवडुंग’ चित्रपटामुळे घरोघरी पोचली. त्या कवितेत ‘आई’ हा शब्द स्पष्ट आहे. तरी कितीतरी जण ती प्रेयसीचं गाणं म्हणून ऐकतात. आणि ज्यांना आई सापडते, ते पुढच्या शोधाला लागतात. गेली म्हणजे वारली की घर सोडून गेली? मग कवीच्या घरात डोकावणं सुरू होतं. आई गेल्यावर लहान मुलाला जग कसं दिसलं, हे कवितेत समोर असताना आपण विचारतो तिचा पत्ता. म्हणजे एका कवितेत लिहिलेलं आपण वाचत नाही आणि दुसरीत न लिहिलेलं वाचतो. दोन्हीकडे आधी ठरलेलं असतं की आपल्याला काय हवंय.

‘तरुण आहे रात्र अजुनी’मध्ये आपल्याला काय नको आहे, तेही यावरून कळतं. एक बाई, नवरा शेजारी असताना, त्याला म्हणते की मी अजून जागी आहे आणि मला तू हवा आहेस. ती तक्रार करते आणि तक्रारीत लाजत नाही. लावणीत हे चाललं असतं. राम जोशी, होनाजी यांच्या काळापासून लावणीतली बाई हे बोलत आली आहे, नवरा मोहिमेवर गेला म्हणूनही बोलली आहे. पण लावणी फडावरची. ही बाई घरातली आहे, तिच्या तोंडी नेटकी मराठी आहे, आणि ती आपल्या आईच्या आवडत्या गायिकेच्या आवाजात बोलते. तिचं करायचं काय?

फॉरवर्डनं यावर उपाय काढला. त्यानं नवऱ्याला मारलं. नवरा मेला की बाईची इच्छा पवित्र होते, कारण ती आता पूर्ण होऊ शकत नाही. तो शहीद असला तर आणखी चांगलं, मग गाण्यावर आक्षेप घेणंच देशाविरुद्ध ठरेल. जिवंत नवऱ्याकडे बायकोनं मागितलं तर गाणं चावट, मेलेल्याकडे मागितलं तर डोळ्यांत पाणी. आमच्या अंगणात टोप्या उतरल्या त्या यासाठी. आत्याचं गाणं तिला परत मिळालं, पण विधवेचा वेष घालून.

मला हेही नीट सांगायला हवं की जवानांच्या बायकांच्या दुःखाबद्दल हे लिहिताना मी कुठेही हलकेपणा करत नाही. उलट माझा राग तिथेच आहे. आमच्या तालुक्याला हुतात्मा माहीत आहे. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि गेले. तेही कामासाठी मुंबईला गेलेले आमच्याकडचेच एक. आहुप्याला जाताना ज्या पाण्याच्या कडेनं तुम्ही जाता, त्या डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. त्यांना नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. ज्याचं बलिदान खरं असतं त्याला लोक नावानं ओळखतात. नाव नाही, पलटण नाही, साल नाही, असा जवान निर्माण करून त्याच्या प्रेतावर एका गझलेची अब्रू झाकायची, यात जवानाचाही मान नाही आणि गझलेचाही नाही.

नावावरून ओव्या आठवतात. पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातून गी पॉटवॅं आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावं आणि लाखाहून अधिक ओव्या असं ते काम वाढलं. आता त्यातल्या पुष्कळ ओव्या ऑनलाइन ऐकता येतात, आवर्जून ऐका. ओवीत बाई भावाचं नाव घालते, लेकाचं घालते, गावाचं, नदीचं घालते. नवऱ्याचं नाव मात्र सहसा घेत नाही, ते उखाण्यासाठी राखलेलं. तरी तो कोण हे जात्यापाशी बसलेल्या प्रत्येकीला माहीत असतं. या ओवीमागचं गुपित काय, असं कुणी विचारत नाही. कारण ऐकणारी स्वतः त्याच कामाला बसलेली असते आणि तिच्या घरातही तसाच एक जण असतो.

आत्यानं गाणं ऐकलं ते तसं ऐकलं. तिला त्यामागचा खरा माणूस शोधावा लागला नाही. वर्षातून चार-पाच वेळा एसटीनं येणारा, पोती उचलून खांदे सुजलेला, जेवला की आडवा होणारा आणि सकाळी खाचरात उतरायचं म्हणून लवकर झोपणारा माणूस तिच्या घरात होता. पश्चिमेचा गार वारा तिच्याकडे रोज कड्यावरून येतो. फॉरवर्डमधल्या जवानापेक्षा हा वाचनाचा मार्ग मला जास्त भक्कम वाटतो, कारण त्याला गझलेतला एकही शब्द बदलावा लागत नाही. पण तिनं एकदाही म्हटलं नाही की हे गाणं माझ्यावर लिहिलंय. इतकंच म्हणाली की दमलेला माणूस हाय. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ‘हे गाणं असंही ऐकू येतं’ म्हणणं हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. ‘हे गाणं यावरच लिहिलंय’ म्हणणं हा दावा आहे आणि दाव्याला पुरावा लागतो.

आणि उद्या कुणी खुद्द कवीच्या हस्ताक्षरातला कागद आणून दाखवला, त्यात जवानाची गोष्ट असली, तर? तर मी ती मान्य करीन. पण तरीही विचारीन की मग कवीनं जवान गझलेत का ठेवला नाही. त्याला शब्द सापडत नव्हते असं तर नाही. काही गाळलं असेल तर ते विचार करून गाळलं असणार. गाणं कुठून सुरू झालं हे कवीचं, ते कुठे पोचलं हे गाण्याचं. आपल्यापुढे आहे ती पोचलेली जागा, आणि तिथे एक बाई जागी आहे, एक माणूस कुशीवर झोपला आहे आणि रात्र अजून पुष्कळ उरली आहे.

या कोजागिरीला मी आहुप्यात होतो. पाऊस नुकताच गेला होता, खाचरांत भात पिवळं पडायला लागलं होतं. पोरांनी अंगणात दूध आटवलं. मामा आता कायमचे गावी आले आहेत. वाटीभर दूध पिऊन ते ओट्यावर लवंडले आणि बघता बघता घोरायला लागले. आत्या म्हणाली, “ते गाणं हाय का तुझ्या मोबाईलात?” मी लावलं. दुसऱ्या शेरापर्यंत ती गप्प होती. मग ओट्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “आवाज बारीक कर. झोपू दे त्यांना.”